शेवटचा अध्याय कोणी नेला?

१

गुरुवारी दुपारी मी पोथीचं लाल फडकं सोडलं, पुस्तक मांडीवर घेतलं, रिबिनीच्या जागी उघडलं आणि बघतच राहिले. रिबिनीच्या पुढे पानंच नव्हती. अलीकडे सगळं जागच्या जागी, पलीकडे एकदम मागचा पुठ्ठा.

समोर मोगऱ्याच्या ढिगाभोवती पाच-सहा बाया बसल्या होत्या. विठाबाईने साजूक तुपातला शिरा करून आणला होता, भलं मोठं पातेलं भरून. भाग्यश्रीने सातव्या महिन्याचं पोट सांभाळत पाटापुढे रांगोळी काढली होती. पाटावर हळदकुंकू, फुलं, अगरबत्ती. कुसाबाई रोजच्या लुगड्यात, रोजच्या जागी, खाली मान घालून गजरा विणत होती. आज समाप्ती होती. नऊ बायकांचे खून करून अकरा वर्षं पोलिसांना खेळवणारा माणूस आज सापडायचा होता, आणि तो सापडायचीच पानं कुणीतरी पळवली होती.

हो, नीट वाचलंत. आमची पोथी खुनाची होती.

मी वत्सला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झाले. तिकडे कागद हरवला की साहेब लोक आधी घामाघूम व्हायचे आणि मग मला बोलवायचे. कागद स्वतःच्या पायांनी चालत नाही, हे माझं साधं म्हणणं. कुणीतरी नेतो, आणि नेणाऱ्याला काहीतरी हवं असतं. काय हवं ते कळलं की माणूस कळतो. एवढ्या एका गोष्टीवर मी नोकरी काढली. हे गेले तेव्हापासून मी मखमलाबाद रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. फ्लॅटमागे कुसाबाईचा मळा आहे आणि मळ्यात पत्र्याची शेड. तिथे पहाटे खुडलेल्या मोगऱ्याचे गजरे दुपारभर विणले जातात.

ह्यांच्या फोटोला हार घ्यायला मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा पिशवीत हे पुस्तक होतं. रद्दीच्या दुकानातून आणलेलं, कधीचं छापायचं बंद झालेलं, दोऱ्याच्या बांधणीचं. कुठल्याशा थंड मुलखातल्या बंदराच्या गावात घडलेली खरी हकिकत. कुसाबाईने विचारलं, काय लिहिलंय त्यात? मी सांगितलं. ती म्हणाली, हात रिकामे नाहीत आमचे, पण कान आहेत, वाचा की. मी बसले ती बसलेच. आठवड्यातून चार दुपारी एकेक अध्याय, दोन महिने.

पण आता ते संपत आलं होतं. येत्या रविवारी माझी लेक हर्षाली पुण्याहून गाडी घेऊन मला कायमची न्यायला येणार होती. सामान अर्धं बांधून झालं होतं, फ्लॅटला भाडेकरू ठरले होते. मी कुसाबाईला शब्द दिला होता की पोथी पुरी केल्याशिवाय हलणार नाही. आणि आता पोथी पुरी कशी होणार?

"बाई, वाचा ना," विठाबाई म्हणाली. "शिरा गार व्हतोय."

मी पुस्तक तिच्याकडे फिरवलं. तिने तोंडावर हात ठेवला.

२

पोथी हा शब्द माझा नव्हे, कुसाबाईचा. अडुसष्ट वर्षांत तिने पुस्तक वाचलेलं ऐकलं ते फक्त श्रावणात, देवाचं. त्यामुळे पुस्तक वाचायचं म्हणजे त्याचे काही नेम असतात हे तिच्या डोक्यात पक्कं. मी दुसऱ्या दिवशी वाचायला बसणार तोच तिने थांबवलं, पाट मांडला, स्वतः नारळ फोडला आणि बजावलं की नारळ फोडून सुरू केलेली पोथी ज्यानं त्यानं नारळ फोडूनच संपवायची. अर्धवट ठेवायची नाही, मधे दुसरी सुरू करायची नाही, आणि रोज घरी-दारी हिंडवायची नाही. म्हणून पुस्तक लाल फडक्यात बांधून शेडमधल्या फळीवर राहायचं. मी खूप समजावलं की अहो, यात देव नाही, एक मेला खुनी आहे. ती म्हणाली, त्याला धरणारा बी हाय ना?

आणि बाया ऐकायच्या तरी कशा! पाचव्या अध्यायात त्या पोलीस अधिकाऱ्याने दिवाळं निघालेल्या खाटकाला पकडलं तेव्हा विठाबाईने हातातला गजरा आपटला आणि म्हणाली, त्याला काय कळतंय, खाटकाचे हात बघा की, सुरी धरणारा माणूस दोरीनं कशाला मारंल? पुढच्या अध्यायात खाटीक सुटला. त्या दिवसापासून मला विठाबाईबद्दल आदर वाटायला लागला.

असो. पुस्तक मी नीट तपासलं. जुन्या सवयीने चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्यांजवळ धरून. पानं फाडलेली नव्हती. शिवण अलगद उसवून सोडवलेली होती. आणि मागे राहिलेली पानं सुटू नयेत म्हणून कण्याजवळ पांढऱ्या दोऱ्याने नवे टाके घातले होते. दोरा गजऱ्याचाच, पण रीळ शेडमध्ये उघड्यावर पडलेलं असतं, तो कुणीही घ्यावा.

आणखी एक. फक्त शेवटचा अध्याय गेला नव्हता. त्या अध्यायाची पानं असतील बारा-तेरा. त्याच्यामागे नावांची यादी, आभार, संदर्भ असलं कोरडं तीसेक पानांचं बाड होतं, तेही गेलं होतं. रिबिनीपासून पुठ्ठ्यापर्यंत सगळं साफ.

बुधवारी संध्याकाळी मी स्वतः फडकं बांधलं होतं. म्हणजे बुधवार संध्याकाळ ते गुरुवार दुपार. शेडला दार नाही, पण मळ्यात परका माणूस आला तर कुत्रं भुंकतं, आणि ते भुंकलं नव्हतं. म्हणजे चोर घरचाच किंवा रोजचा.

मी बायांना सांगितलं की शिरा झाकून ठेवा. पुस्तकातल्या त्या साहेबाने अकरा वर्षं घेतली, मी संध्याकाळपर्यंत घेते.

तेवढ्यात भाग्यश्री हळूच माझ्या कानाशी लागली. "बाई, मला तुमच्याशी एकटीशी बोलायचंय. माझ्याकडून एक चूक झालीय."

३

भाग्यश्री ही कुसाबाईची नातसून. बारावी झालेली, हुशार, आणि चेहरा असा की खोटं बोलली तर आधी तिलाच रडू येईल. विहिरीच्या काठावर बसून तिने कबुली दिली. दोन महिन्यांपूर्वी, वाचन सुरू झालं त्याच आठवड्यात, तिला राहवलं नव्हतं. सगळे झोपायला गेले की फळीवरून पुस्तक काढून तिने चार दिवसांत संपवलं होतं. वर मोबाईलवर त्या खुन्याचा फोटोसुद्धा बघून घेतला होता.

"म्हणजे तुला सगळं आधीपासून माहीत होतं? आणि तरी रोज तोंड उघडं टाकून ऐकत होतीस?"

"तुम्ही वाचता तेव्हा परत भीती वाटते," ती म्हणाली.

खरं सांगते, मला राग यायला हवा होता, पण तिचा गालगुच्चा घ्यावासा वाटला. तिने नाव सांगू का म्हणून विचारलं तेव्हा मात्र मी तिचं तोंड दाबलं. उठताना ती म्हणाली, "बाई, एक विचारू? त्या पुस्तकात अध्याय..." आणि मग माझ्याकडे बघून, जाऊ दे, म्हणाली.

दुसरा संशयित तिचा नवरा दिनेश. ओझरला विमानाच्या कारखान्यात कामाला, त्या दिवशी सुट्टीवर. या वाचनाला त्याचा पहिल्यापासून विरोध. पोटातलं मूल ऐकतं, तिला चांगलंचुंगलं ऐकवायचं सोडून तुम्ही गळे आवळलेले ऐकवता, असं तो मला तोंडावर बोलला होता. मी त्याला गाठलं तेव्हा तो फवारणीचा पंप धुत होता. म्हणाला, मी नेलं असतं तर पहिल्या दिवशी नेलं असतं आणि अख्खं नेलं असतं, बंबात घालायला. शेवटचा अध्याय उरल्यावर कशाला? उलट शेवटी तो सैतान पकडला जातो एवढं एकच त्यात ऐकण्यासारखं. आजीला त्याने एकदा हे बंद कर म्हटलं तर ती म्हणाली होती, ऐकू दे पोटातल्याला, सावध राहील. तेव्हापासून त्याने नाद सोडला.

तिसरा सावळीराम, गजरे न्यायला चार वाजता टेम्पो घेऊन येणारा व्यापारी. लग्नसराई सुरू, त्याला माल वेळेवर हवा. त्याचं दुखणं वेगळंच. पुस्तकात खून झाला की बायांचे हात थांबतात, म्हणाला, आणि पोलीस कामाला लागले की हातही लागतात. गेल्या महिन्यात एका आठवड्यात तीन खून झाले, त्याला दोन मंडपांना नाही म्हणावं लागलं. मग मी म्हटलं, वाचन संपलेलं तुम्हाला बरंच की! तर तो म्हणाला, "कुठलं बरं? हल्ली वाचन लवकर आटपतं आणि नंतर तुमच्या सगळ्यांच्या गप्पा चालतात, त्याचं काय?" आणि बाड केवढं होतं ते ऐकून म्हणाला, एवढा कागद मी नेला असता तर आतापर्यंत त्यात पुडे बांधून विकून झाले असते. त्याला पुस्तक आणि रद्दी यांतला फरक कुणी शिकवलेलाच नाही.

मी टेम्पोत डोकावून पाहिलं. पुडे कालच्याच वर्तमानपत्राचे होते.

परत शेडकडे येताना मी मधेच थांबले. उत्तर समोर होतं. सगळ्यांच्या बोलण्यात ते होतं आणि मी, पानं कशासाठी गेली ते सोडून, गाढवासारखी चोराचं नाव शोधत होते.

४

आता तुम्हीही बघा. मी खात्यात करायचे तसंच केलं. नेणाऱ्याला काय हवं होतं?

खुन्याचं नाव? ते भाग्यश्रीच्या मोबाईलवर होतं, कुणीही विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. म्हणजे चोराला शेवट जाणून घ्यायचा नव्हता. शेवट *वाचला जायला* नको होता. शेवटच्या दिवशीच अडवायचं होतं.

मग चोर कसा? पुस्तकावर राग नसलेला. रागावलेल्या माणसाने पानं टराटरा फाडली असती. याने शिवण सोडवली आणि बाकीच्याला टाके घालून ठेवलं. ज्याला ती पोथी वाटते तोच असं करील. म्हणून बंबात घालणारा दिनेश नाही आणि पुडे बांधणारा सावळीराम नाही.

वाचता येणारा? तोही नाही. भाग्यश्रीने अख्खं पुस्तक आधीच वाचून काढलं होतं. मागची तीस पानं नुसती यादी आहे हे तिला ठाऊक. बारा पानं पदराआड सहज जातात, मग चाळीस-बेचाळीस पानांचा गठ्ठा कोण कशाला ओढत नेईल? ज्याला अध्याय कुठे संपतो ते दिसत नाही तो. त्याला दोनच गोष्टी दिसतात, माझी रिबीन आणि मागचा पुठ्ठा. म्हणून त्याने मधलं सगळं नेलं.

वाचता न येणाऱ्या रोजच्या बाया शेडमध्ये होत्या. पण त्यांतल्या विठाबाईने पहाटे उठून रवा भाजला होता, बाकीच्यांनी घरून वाट्या आणल्या होत्या, कुणी शेजारणीला बोलावणं केलं होतं. समाप्ती होणार नाही हे ज्याला आधीपासून माहीत आहे तो तूप वाया घालवत नाही.

आणि मग मला तो पाट आठवला. हळदकुंकू होतं, फुलं होती, अगरबत्ती होती. नारळ नव्हता. ज्या बाईने स्वतः नारळ फोडून पोथी सुरू केली, संपवतानाचा नारळ माझाच म्हणून जिने दोन महिने बजावलं, तिने आज नारळ आणलाच नव्हता. विसरली असेल? कुसाबाई मोगऱ्याच्या प्रत्येक वाफ्याला पाणी कधी दिलं ते सांगते. ती विसरत नाही. तिला माहीत होतं की आज नारळ लागणार नाही.

चोर सापडल्याचा आनंद व्हायला हवा ना? तो नाही झाला. चाळीस कागद हरवले होते तेव्हा मी रुबाबात हिंडत होते, आणि आता सापडणार म्हटल्यावर पाय उचलत नव्हते.

चार वाजून गेले होते. सावळीराम माल घेऊन गेला होता, बाया वाट्या घेऊन घरी निघाल्या होत्या. विठाबाईने शिरा तसाच कुसाबाईच्या स्वयंपाकघरात ठेवला होता. कुसाबाई घरात होती, एकटी.

५

मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "कुसाबाई, पोथीची पानं रद्दीत टाकायची तुमची छाती नाही. ती देव्हाऱ्यात आहेत."

ती उठली, देव्हाऱ्यातल्या पाटाखालून गठ्ठा काढला. वर पिवळं फडकं होतं. गठ्ठा माझ्या हातात न देता तिने स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"वाचून झालं की तुमी जाल," ती म्हणाली. "तुमीच म्हनला व्हता, पुरी केल्याबिगर हलनार नाय. मंग म्या पुरी व्हऊ दिली नाय. पाप लागंल तर माझ्या डोक्यावर."

मी तिच्यासमोर फतकल मारून बसले. मला तिला रागवायचं होतं. मी तिला समजावायला लागले की हर्षाली एकुलती एक आहे, तिने माझ्यासाठी खोली रंगवलीय, माणसाने उतारवयात आपल्या माणसांत असावं. मी बोलत होते आणि ती मला बघत होती, विठाबाईने खाटकाच्या हातांकडे बघायला सांगितलं होतं तसं.

"झालं?" तिने विचारलं. "आता माझं ऐका. मला वाचता येत नाय, पन मोजता येतं. पहिल्या पहिल्यांदी तुमचा एक अध्याय व्हईस्तवर माझे बारा गजरे व्हायचे. होळीनंतर नऊ व्हायला लागले. आता पाच व्हत्यात. हात माझा तोच, फुलं तीच. मंग कमी कोन वाचतंय, बाई?"

मी म्हटलं, घसा बसतो हल्ली.

"घसा बसलेलं मानूस वाचन आटपून मंग दोन तास गप्पा मारतंय व्हय?"

एकतीस वर्षांत मला कुणी असं पकडलं नव्हतं. एकोणीस अध्यायांच्या पुस्तकाचे मी तेहतीस करून ठेवले होते. अर्ध्यावर थांबायचं, फडकं बांधायचं आणि अध्याय झाला म्हणायचं. भाग्यश्रीला ते कळलं होतं, पण ती पोर गप्प बसली. आणि देवाशपथ सांगते, मी हे का करतेय ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं खरंच घसा आहे. खडीसाखर ठेवायचे तोंडात.

"म्या पानं चोरली," कुसाबाई म्हणाली, "पन तुमी माझ्या आधीपासून चोरताय."

मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन. ह्यांच्या वेळी लोक भेटायला येत होते म्हणून मी रडले नव्हते, ते सगळं त्या जमिनीवर बसून रडले. कुसाबाईने पाठीवरून हात फिरवला नाही की काही नाही. तिने शिऱ्याच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, एका वाटीत वाढला आणि पुढे सरकवला. गार झालेला शिरा मी खाल्ला. लय गोड केला होता विठाबाईने.

मग मी हर्षालीला फोन लावला. मी येत नाही, हे तीन शब्द बोलायला मला बराच वेळ लागला. ती चिडली. खोली रंगवलीय, तुझ्यासाठी कमी उंचीचा पलंग आणलाय, तिथे तुझं आहे कोण, रात्री-बेरात्री पडलीस-झडलीस तर बघणार कोण? तिचं काहीच चूक नव्हतं. शेवटी रडवेल्या आवाजात तिने विचारलं, "आई, तू हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"मलाच आज कळलं गं," मी म्हटलं.

कुसाबाईने हात पुढे केला आणि फोन माझ्याकडून काढून घेतला. फोन कानाला कसा धरायचा ते तिला धड माहीत नाही, ती तोंडासमोर आडवा धरून बोलते, त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं.

"हॅलो, कोण बोलतंय?" हर्षालीने विचारलं.

"चोर बोलतोय," कुसाबाई म्हणाली. "तुझ्या आईची पानं म्याच चोरली, पोरी. पानं वापस करते, आई नाय करत. तू रविवारी ये, जेवायलाच ये, आन् मंग मला काय रागवायचं ते समोर बसून रागव."

पलीकडे हर्षालीने नाक ओढलं आणि विचारलं की मळा नक्की कुठे आहे, रस्ता नीट सांगा.